आई सापडेपर्यंतची प्रार्थना

आई घरातून गेली तेव्हा सकाळचे दहा वाजले असावेत. असावेत म्हणतो, कारण नक्की वेळ आमच्यापैकी कोणालाच सांगता आली नाही. मी एमआयडीसीत कामावर होतो. बायको तिच्या शाळेत होती. दादा, म्हणजे माझे वडील, आंघोळीला गेले होते. ते बाहेर आले तर स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, अंगणात कोणी नव्हतं आणि फाटक सताड उघडं होतं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सरकारी आरोग्य खात्यात नर्स म्हणून तिनं सगळा जिल्हा पालथा घातलेला. कर्जत, कोपरगाव, मधे आणखी चार-पाच गावं. दादा शाळामास्तर, त्यामुळे तिची बदली झाली की ते मागोमाग अर्ज करायचे. दोन वर्षांपासून ती विसरायला लागली होती. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, पण घरात आम्ही ते नाव कधी घेतलं नाही. 'आई विसरते' एवढंच म्हणायचो, जणू चष्मा कुठं ठेवला ते विसरते.

दुपारपर्यंत मी आमची कॉलनी, बाजार, चर्च, माळीवाड्याचं एसटी स्टँड सगळं बघून आलो. पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसांना एसटी फुकट. आईचं आधार कार्ड घरीच होतं, पण तिचे पांढरे केस बघून कोणता कंडक्टर कार्ड मागणार? दर पाच-दहा मिनिटाला एक गाडी सुटत होती. पाथर्डी, कर्जत, श्रीरामपूर, जामखेड. ती ह्यातल्या कुठल्याही गाडीत बसलेली असू शकत होती.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं विचारलं, "साडी कोणत्या रंगाची होती?"

दादा म्हणाले, "आकाशी."

फोनवर बायको म्हणाली, "पांढरी, बारीक फुलांची."

मी लाल म्हणालो. का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. हवालदारानं आमच्या दोघांकडे बघितलं, रंगाची जागा मोकळी सोडली आणि पुढचा प्रश्न विचारला.

संध्याकाळी चर्चच्या मंडळीतली पंधरा-वीस माणसं घरी जमली. पाळकसाहेब म्हणाले, "भाऊ, प्रार्थना तुम्हीच चालवा." ह्यात नवल नव्हतं. आमच्या मंडळीचा मी बरीच वर्षं सेक्रेटरी आहे आणि माझ्या प्रार्थनेचं लोकांना कौतुक आहे. आधी उपकारस्तुती, मग पापकबुली, मग इतरांसाठी, मग आपल्यासाठी. शब्द अडखळत नाहीत. लग्न असो, मयत असो, नवीन घर असो, लोक मला बोलावतात.

त्या दिवशीही मी बोललो. हे कृपाळू पित्या, पोलिसांना बुद्धी दे. कंडक्टरांच्या मनात दया घाल. स्टँडवरच्या कॅमेऱ्यात तिचा चेहरा दिसू दे. ती कर्जतच्या बाजूला गेली असेल तर तिथल्या दवाखान्यातल्या माणसांच्या नजरेस ती पडू दे. कोपरगावला गेली असेल तर गोदावरीच्या घाटापासून तिला लांब ठेव. मी देवाला जवळजवळ नकाशाच काढून दिला. कोणत्या रस्त्यानं जायचं, कुठं वळायचं, सगळं. लोकांनी "आमेन" म्हटलं.

मग कोणी न सांगता दादा बोलले. खुर्चीवर बसल्या बसल्या, डोळे न मिटता.

"प्रभू, आमाला काय करावं ते कळत न्हाई. पन आमचे डोळे तुज्याकडं हायेत."

सगळे पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य आलं नाही. शेवटी पाळकसाहेबांनीच हळू आवाजात आमेन म्हटलं. मला लाज वाटली, खरं सांगतो. वाटलं, म्हातारे गोंधळलेत, त्यांना सुचत नाहीये.

रात्र कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही. सकाळी मी गाडीची किल्ली शोधत होतो. दादा अंगणात फाटकाकडे तोंड करून बसले होते. पुढ्यातला चहा निवून गेला होता. मी चिडलो. कोणावर तरी चिडायचंच होतं.

"दादा, काल एवढी माणसं जमली होती. नीट काहीतरी मागायचं तरी."

"मागितलं की."

"काय मागितलं? कळत नाही म्हणालात फक्त."

त्यांनी निवलेला चहा बाजूला सारला. मग मास्तरकी जागी झाल्यासारखं म्हणाले, "ती प्रार्थना माजी न्हाई. जुन्या करारातल्या एका राजाची हाय. तीन मुलखांच्या फौजा चाल करून आल्या. हा गादीवर बसल्याला मानूस. ह्याच्याकडं सैन्य हुतं, किल्ले हुते. लोकं जमली तर त्यानं काय सांगायला पायजे? अमुक तुकडी हिकडं, तमुक तिकडं. तसं न्हाई केलं त्यानं. बायामानसं, तान्ही पोरं, सगळी समोर उभी. आन सगळ्यांच्या देखत हा म्हनला, आमाला कळत न्हाई काय करावं."

"मग?"

"मग काय. सकाळी उठून निघालीच की ती लोकं, फौजेच्या तोंडावर. तू पन निघ. थांब म्हनतोय का मी?"

मी निघालो. दार जरा जोरातच लावलं.

कर्जतच्या रस्त्याला लागल्यावर मी प्रार्थना करायला बघितलं. जमेना. तोंड उघडलं की यादी सुरू व्हायची. हे कर, ते कर, इकडं बघ. मधेच लक्षात यायचं की आपण प्रार्थना करत नाही, कारखान्यात पहिल्या पाळीच्या पोरांना कामं वाटून देतो तसं बोलतोय. मग मी गप्प व्हायचो. गप्प झालो की डोक्यात विहिरी यायच्या, रेल्वेचे रूळ यायचे. मग पुन्हा यादी. मिरजगावला चहासाठी थांबलो आणि चहा समोर आल्यावर तसाच टाकून निघालो.

कर्जतला आई तरुणपणी सहा वर्षं होती. आरोग्य केंद्राची जुनी इमारत पाडून नवीन बांधलेली. आतल्या सिस्टर तिशीच्या असतील. त्यांनी माझ्या मोबाईलवरचा फोटो नीट बघितला, मला पाणी दिलं आणि विचारलं, "काका, त्यांना कुठं जायला आवडायचं?"

आईला कुठं जायला आवडायचं? ती कायम ड्युटीवर जायची. आवडीनं कुठं गेलेली मला आठवत नव्हती आणि मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"फोटो पाठवा मला. आमचा जिल्ह्यातल्या सिस्टरांचा ग्रुप आहे, त्याच्यावर टाकते."

मी फोटो, माझा आणि बायकोचा नंबर पाठवला आणि ते विसरून गेलो. असे पन्नास ग्रुप झाले होते. दिवसभर कर्जतमध्ये फिरलो. एका घराच्या ओट्यावर बसलेल्या म्हातारीनं आईचं नाव सांगताच ओळखलं. "नर्सबाई? माजी तिन्ही बाळंतपनं त्यांच्याच हातची. लई हात हलका हुता." तिनं चहाचा आग्रह केला. मला बसवेना. तिच्या घरात आईच्या हातावर जन्मलेली तीन माणसं होती आणि मी तिथं दोन मिनिटं बसू शकलो नाही, ह्याचं मला आता वाईट वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन आला. कोपरगावच्या स्टँडजवळचा चहावाला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघितला म्हणाला. "सेम तुमच्या आईसारख्या हायेत. कालपासनं हितंच बसल्यात. कोनाशी बोलत न्हाईत."

त्यानं फोटोही पाठवला. लांबून काढलेला, अंधुक. पांढरे केस, वाकलेली पाठ. मी बायकोला ओरडून सांगितलं आणि निघालो. राहुरी, राहाता, पुढचं काही आठवत नाही. ट्रॅक्टरमागच्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यामागे अडकलेला मी, आणि तोंडात एकच, तीच असू दे, तीच असू दे. चहावाला सारखा फोन करत होता, कुठपर्यंत आलात म्हणून. मी एका हातानं गाडी चालवत त्याला उत्तरं देत होतो.

ती आई नव्हती.

उंचीला तेवढीच. वयही तेवढंच. पण अंगावर विटलेलं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, पायात काही नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो तशी तिनं मान वर केली आणि माझं मनगट धरलं.

"आलास व्हय रं? लई येळ लावलास."

मी हात सोडवून घ्यायला बघितलं. तिची पकड पक्की होती. खरं सांगायचं तर मला त्या बाईचा राग आला होता. ती माझी आई नव्हती, हा जणू तिचाच गुन्हा. मला तिथून पळायचं होतं. अजून श्रीरामपूर बघायचं होतं, पाथर्डी बाकी होतं.

चहावाला ओशाळला. "साहेब, फोटोत सेम दिसत हुत्या हो."

"हिला पोलिसांत देऊया," मी म्हणालो.

"मी सकाळीच जाऊन आलो. ते म्हनले, बघतो. बघतील तवा बघतील."

म्हातारी मला विचारत होती, "बैलांना पानी दावलं का?"

मी तिच्याशेजारी बाकावर बसलो. तीन दिवस मी धावत होतो. आता हात एका परक्या म्हातारीच्या हातात, आणि पुढं काय करायचं ते खरोखर कळत नव्हतं. तिला सोडून जाता येत नव्हतं, तिच्याजवळ थांबता येत नव्हतं. आणि तोंडातून दादांची प्रार्थना बाहेर पडली. मोठ्यानं. आम्हाला काय करावं ते कळत नाही. पण आमचे डोळे तुझ्याकडे आहेत.

'आम्हाला' म्हणालो आणि थबकलो. त्या 'आम्हाला'मध्ये ही म्हातारी होती. हिचा शोध घेत फिरणारं कोणीतरी होतं. मोबाईल हातात धरून, डोळ्यांत पाणी आणून. तीन दिवस मी फक्त 'माझी आई' म्हणत होतो. त्या राजाच्या समोरही अख्खा गाव उभा होता, आणि त्यानं 'मला' म्हटलं नव्हतं.

शांती वगैरे काही उतरली नाही. फक्त मी तिचं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकलं.

"कुणाचे बैल, आजी?"

"आपलेच की. गाडीचे. फॅक्टरीवर जायाचंय न्हवं?"

चहावाल्यानं कपाळाला हात लावला. "ऊसतोडीवाल्यांच्यातली हाय ही! फॅक्टरीकडं त्यांच्या खोप्या हायेत. पाथर्डी-बीडकडची मानसं असत्यात."

तिला गाडीत बसवून मी निघालो. वाटेत तिनं मला तीनदा सांगितलं की गाडी हळू हाक, बैल थकलेत. कारखान्याच्या अलीकडे, उसाच्या पाचटाच्या खोप्यांची ओळ लागली. गाडी थांबते न थांबते तोच एक बाई डोक्यावरचा पदर सावरत धावत आली. मागं दोन लहान मुली. तिनं म्हातारीला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं, "कुठं गेल्तात आत्याबाई, कुठं गेल्तात!" आणि मग तिच्या गळ्यात पडून रडायला लागली. नवरा परवापासून कालव्याच्या कडेनं शोधत फिरतोय म्हणाली. दोन दिवस कोयत्याला हात लावला नव्हता दोघांनी.

मला पाणी दिलं. विचारलं, "तुमी कुठले? तुमाला कशा सापडल्या?"

मी सांगितलं की मी माझ्या आईला शोधायला आलो होतो.

तिचा चेहरा उतरला. "मग तुमची?"

"अजून नाही."

देव करो, सापडेल, असलं काही ती म्हणाली नाही. माझ्या हातातलं रिकामं भांडं घेतलं आणि तशीच उभी राहिली.

मी गाडीकडे वळलो तेव्हा फोन वाजला. बायको होती, रडत होती आणि ओरडत होती. "अहो, साडेआठपासून फोन लावतेय! आधी सारखा एंगेज, मग लागतच नाही! आई सापडल्यात. तिसगावच्या पुढं एका खेड्यात. बऱ्या आहेत."

हे मी मुद्दाम नीट सांगतो, कारण पुढं मंडळीत ही गोष्ट वेगळ्याच पद्धतीनं फिरली. भाऊंनी दुसऱ्याच्या आईला घरी पोचवलं म्हणून देवानं त्यांची आई परत दिली, असं लोक साक्ष देऊन सांगू लागले. तसं नाही. आई सापडल्याचा निरोप साडेआठला आला होता. मी तेव्हा राहात्याच्या आसपास ट्रॉलीमागे अडकलो होतो. मी ती प्रार्थना केली, म्हातारीला गाडीत घातलं, ते सगळं त्याच्यानंतर. मी प्रार्थनेनं काही मिळवलं नाही. जे झालं होतं ते मला फक्त माहीत नव्हतं.

दुपार कलता कलता करंजीचा घाट चढून मी तिसगावला पोचलो, तिथून आत सहा-सात किलोमीटर. त्या खेड्यात आईनं कधीच नोकरी केली नव्हती. आमचं तिथं कोणी नव्हतं. गाडी जिथं संपली तिथं ती उतरली, एवढंच. म्हणजे मी कितीही डोकं चालवलं असतं, जुन्या बदल्यांची कितीही यादी केली असती, तरी तिथं गेलो नसतो.

आरोग्य उपकेंद्राच्या दारात तिथल्या आशाताई उभ्या होत्या. लसीकरणाचा दिवस होता म्हणे, आई सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली. बाळ कसं धरायचं ते एका पोरीला दाखवलं, रजिस्टर मागितलं. पांढरी साडी, बोलण्यात जरब. त्यांना वाटलं, जुन्या रिटायर्ड सिस्टर आहेत, कोणा पाहुण्यांकडे आल्या असतील. संध्याकाळी विचारलं तर म्हणाल्या, मी ड्युटीवर हाय.

"मग मी घरीच नेलं त्यांना. भाकरी खाल्ली, झोपल्या," आशाताई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी पन तेच. मग आज सकाळी आमच्या सिस्टरनी ग्रुपवरचा फोटो दाखवला. कर्जतच्या कोनी टाकला हुता."

आई आत बाकावर बसली होती. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पेशंट कुठाय?"

"मीच आहे."

"मग बसा. नंबर आला की बोलावते."

मी बसलो. त्या रिकाम्या खोलीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. तासभर मी माझा नंबर यायची वाट बघितली. तीन दिवसांत पहिल्यांदाच एका जागी एवढा वेळ बसलो असेन. मग तिनं स्वतःच पदर खोचला आणि म्हणाली, "चला, सुटले एकदाची."

घरी दादा फाटकातच उभे होते. आईला त्यांनी काही विचारलं नाही. हाताला धरून आत नेलं आणि पाय धुवायला गरम पाणी आणून दिलं. ती झोपल्यावर मी त्यांना कोपरगावचं सगळं सांगितलं. बाकावर त्यांची प्रार्थना तोंडात आली तेही सांगितलं. वाटलं, खूश होतील.

ते म्हणाले, "मी ती म्हनलो खरी. पन तीन दिवस डोळे रस्त्यावरच हुते माजे. देवाकडं एकदा पन गेले न्हाईत. लई भ्यालो हुतो रे."

मी त्यांना गोंधळलेले समजून चिडलो होतो, नंतर श्रद्धाळू समजून मानलं होतं. त्यांनी दोन्ही नाकारलं. मला वाटतं, त्या राजाचंही असंच काहीसं असेल. आमचे डोळे तुझ्याकडे आहेत, हे त्यानं घट्ट विश्वासानं म्हटलं असेल असं नाही. सगळीकडून धूळ उठलेली दिसत असताना, डोळे कुठंतरी लावायला हवेत म्हणून म्हटलं असेल.

ह्याला आता दीड वर्ष होईल. मंडळीत मी अजून प्रार्थना चालवतो, पण पूर्वीसारखी जमत नाही. मधेच अडखळतो. एका बाईनं पाळकसाहेबांजवळ तक्रारही केली की भाऊंची प्रार्थना आता उरकल्यासारखी वाटते. उरकत नाही मी. देवाला रस्ते सांगायला तोंड उघडतो आणि मला कर्जतच्या त्या सिस्टरचा प्रश्न आठवतो. ज्याला आईची आवड माहीत नाही, साडीचा रंग माहीत नाही, तो देवाला कसले रस्ते सांगणार? मग मी तेवढं कबूल करतो आणि बसतो. ज्यांना लांब प्रार्थना हवी त्यांचं चुकतं असंही मी म्हणत नाही. माझी बेचैनी गेली असंही नाही. फोन वाजला की अजून धस्स होतं.

आई आता फार कमी बोलते. पण दिवस मावळायला लागला की तिला बसवत नाही. घरभर फिरते, दारं ओढून बघते, पिशवी भरते, उपसते, पुन्हा भरते. आधी आम्ही तिला धरून बसवायचो आणि सगळेच दमून जायचो. आता मी कामावरून आलो की तिच्याबरोबर चालतो. हॉल, स्वयंपाकघर, अंगण, पुन्हा हॉल. जी काही प्रार्थना होते ती त्या चालण्यातच होते, डोळे उघडे ठेवून, कारण ती उंबऱ्याला अडखळते.

काल अंगणातून आठवी-नववी फेरी मारताना तिनं विचारलं, "कुठं चाललोय आपन?"

"माहीत नाही, आई."

तिनं माझ्या पायांकडे बघितलं.

"मग चप्पल तरी घाल," ती म्हणाली.